डॉक्टरीणबाईंचं डावं वळण

पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी मला शिवी दिली नाही, एवढंच. बाकी सगळं बोलून झालं.

झालं असं, की माझी नात ईरा, वय पाच, हिला माझ्या मुलानं, प्रमोदनं, स्कीच्या क्लासला घातलं. पायाला दोन लांब पट्ट्या अडकवायच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं, त्याला इथं स्कीइंग म्हणतात. आमच्या एडमंटनात नदीच्या काठाला, गावातच, एक बुटकी टेकडी आहे. तिथं शनिवारी सकाळी बारक्या पोरांना शिकवतात. सूनबाईंना त्या दिवशी ड्यूटी, प्रमोदचा फोन कानापासून सुटत नव्हता, म्हणून पोरीला कपडे घालायचं काम माझ्याकडे आलं. बाहेर उणे अठरा. मी तिला दोन स्वेटर, दोन विजारी, वर तो फुगलेला सूट, कानटोपी आणि पायात एकावर एक दोन लोकरीचे मोजे चढवले. वरचे मोजे माझ्या बायकोनं, सुशीलानं, विणलेले. ती जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. ती गेल्यावर प्रमोदनं मला तासगावहून उचलून इथं आणलं. घरातलं सामान हलवतात ना, तसं.

टेकडीखाली लाकडी हॉल आहे, तिथं बाकावर बसून बूट घालायचे. ते बूट म्हणजे प्लॅस्टिकची बादली. पोरीचा पाय आत जाईना. मी दाबतोय, ती बोंबलतेय. तेवढ्यात लाल जॅकेट घातलेली, पिकल्या केसांची एक ठेंगणी बाई येऊन गुडघ्यावर बसली. तिनं पोरीचा पाय उपसून काढला, मोजे बघितले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"काय करून राहिले आजोबा? हा पाय आहे का लोणच्याची बरणी? दादरा बांधून राहिले!"

परमुलखात मराठी ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. मला राग आला. "थंडी बघा की किती आहे," मी म्हटलं. "पाय गारठतील."

"दोन मोज्यांनी बूट आवळतो, रक्त अडतं, आणि मग गारठतात. बुटात एकच मोजा, तोही पातळ. आणि हे बाकीचं काय? पोरीचा गुडघा वाकला पाहिजे, हिची तं मान वळत नाही. घसरायला आणली का पोस्टानं पाठवायला?"

"ते मोजे माझ्या बायकोनं विणलेत," मी म्हटलं. "ती गेली."

हे ऐकल्यावर माणसं काय करतात ते मला पाठ झालं होतं. तोंड बारीक करतात, मान वाकडी करतात आणि सॉरी म्हणून घड्याळ बघतात. ह्या बाईंनी तसलं काही केलं नाही. मोजे उलटसुलट करून बघितले, टाचेत बोट घातलं. "टाच फार छान घेतली हो," म्हणाल्या. "मला जन्मात जमली नाही." मग ते मोजे त्यांनी स्वतःच्या हातमोज्यांवर चढवले आणि ईरासमोर दोन्ही हातांची तोंडं उघडायला-मिटायला लागल्या. "हा मोती. हा काळू. दोघांना लागली भूक. पहिले कोणाला देऊ?" ईरा रडायची थांबून बघायला लागली. त्यांचा एक हात भुंकत होता आणि दुसरा बुटाच्या कड्या लावत होता. बूट कधी चढला ते पोरीला कळलं नाही, आणि शेजारी बसून मलाही कळलं नाही.

ह्या डॉक्टरीणबाई. नाव शालिनी. माहेर नागपूर. लग्न करून पन्नासेक वर्षांपूर्वी इथं आल्या. नवरा इंजिनियर, तो वारला. त्या स्वतः दाताच्या डॉक्टर, तेही नुसत्या लहान पोरांच्या. रिटायर झाल्यावर टेकडीवर शिकवायला लागल्या. उजव्या हाताचं पहिलं बोट शेंड्याला वाकडं होतं. कुणी विचारायची वाट न बघता त्या ते दाखवायच्या. "ही माझी खरी डिग्री. एका पोरानं चावून दिली. त्या दिवशी मी घाईत होते. आल्या आल्या म्हटलं, तोंड उघड. आधी खेळायला पाहिजे होतं. पोरगं बरोबर, मी चूक."

सगळी पोरं त्यांना 'शालू' म्हणायची. चार वर्षांचं शेंबडं पोर, आणि हाक काय, तर "शालू, माय नोज!" मला ते खटकायचं. एकदा म्हटलं, "डॉक्टरीणबाई, आजीच्या वयाच्या तुम्ही. निदान आजी तरी म्हणायला शिकवा."

"नको बाप्पा," त्या म्हणाल्या. "आजी म्हटलं की पोरं मला जपतात. मला जपणारी नको, अंगावर धावून येणारी पाहिजे."

त्यांच्या वर्गाला टेकडीवाल्यांनी काहीतरी गोड इंग्रजी नाव दिलं होतं. बाई त्याला रडका वर्ग म्हणायच्या. जे पोर दुसऱ्या मास्तरकडे रडलं, बर्फात लोळण घेतली, पट्टी फेकून मारली, ते ह्यांच्याकडे यायचं. माझी ईरा पहिल्याच दिवशी रडल्यामुळे थेट ह्यांच्याकडे.

आता शिकवायचं कसं, ते सांगतो. मी सातवी शिकलेला माणूस. जे शिकलो ते मार खाऊन. पुढे वीज बोर्डात लाइनमन लागलो, तिथंही वस्तादानं खांबाखाली उभं राहून शिव्या दिल्या म्हणून चढायला आलं. शिकवणं म्हणजे ओरडणं, एवढंच मला ठाऊक. डॉक्टरीणबाई ओरडायच्या, पण पोरांवर नाही, पोरांच्या आईबापांवर.

पोरांना त्या 'वळ' असं कधीच म्हणाल्या नाहीत. माझ्या कानांनी एकदाही ऐकलं नाही. "वळ म्हटलं की पोर पायाकडे बघतं," त्या म्हणायच्या. "पायाकडे बघितलं की पडलंच. जिकडे बघाल तिकडे जाल, आपण काही बघायला देत नाही आणि मग म्हणतो जात नाही."

म्हणून त्या बघायला द्यायच्या. त्यांच्या दवाखान्यातली जुनी कापडी जनावरं त्यांनी सांभाळून ठेवली होती. अस्वल, हत्ती, ससा, एक मगर. सगळ्यांना दात. उतारावर एक डावीकडे, एक उजवीकडे, अशी त्या बर्फात बसवायच्या. मग प्रत्येक पोराच्या हातात एक जुना टूथब्रश. "चला डॉक्टर, राउंडला. अस्वलाची दाढ दुखून राहिली. सशानं रात्री चॉकलेट खाल्लं, ब्रश केला नाही. हत्तीचा दात तं पहा, बाहेरच आला." एक पोर वरून निघायचं, अस्वलाकडे जायचं, त्याचे दात घासायचं, तिथून हत्तीकडे. अस्वल इकडे, हत्ती तिकडे, म्हणजे वळल्याशिवाय इलाज नाही. पण पोराला विचाराल तर ते वळत नव्हतं, ते दवाखाना चालवत होतं.

वेग फार झाला तर पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची आणि मागची फाकवायची. बाकीचे मास्तर त्याला पिझ्झा म्हणतात. बाई म्हणायच्या समोसा. त्यामुळे त्या टेकडीवर चिनी, युक्रेनी, पंजाबी, सगळी पोरं "समोसा! समोसा!" ओरडत खाली यायची. आमच्या शेजारी एक गोरा बाप उभा असायचा, त्यानं मला खरंच विचारलं, की इथं समोसे कुठे मिळतात.

एक पुण्याचा बाप होता. तो दोरीला टेकून फोनवर मुलीचा व्हिडिओ काढायचा आणि दर शनिवारी विचारायचा, "मॅडम, हिची लेव्हल टू कधी होईल? तिच्याबरोबरची मुलं पुढे गेली."

दोन वेळा बाईंनी उत्तर दिलं. तिसऱ्या वेळी त्याच्या हातात टूथब्रश दिला. "तो खाली हत्ती दिसून राहिला? त्याचे दात घासून या. पट्ट्या मी देते."

"मी? मला येत नाही स्कीइंग."

"काहून? लेव्हल टू नाही झाली?"

सगळे हसले तसा तो पेटला आणि खरंच पट्ट्या लावून निघाला. पाच पावलांत आडवा. उठला, पुन्हा आडवा. त्याची पोरगी वरून सूं करत आली, बापाजवळ थांबली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, समोसा! लुक ॲट द एलिफंट, नॉट युअर फीट!" शेवटी बाप बसून घसरत हत्तीपर्यंत गेला आणि त्याचे दात घासले. पुढच्या शनिवारी पुन्हा व्हिडिओ काढत होता. एवढ्यानं माणूस सुधारत नाही. पण लेव्हलचं विचारलं नाही.

मी बाहेरच उभा असायचो, दोरीपलीकडे. आत हॉलमध्ये हीटर, कॉफी, सगळं होतं. आपली माणसंही असायची, कुणाचं नवं घर, कुणाचे विंटर टायर, कुणाचा बेसमेंट भाड्यानं द्यायचा. मला त्यांत बसवत नव्हतं. एक दिवस डॉक्टरीणबाई दोरीपाशी आल्या.

"इथं उभे काहून? आत कॉफी आहे."

"आत माणसं आहेत."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "दात खरे का कवळी?"

"कवळी."

"खालची-वरची?"

"दोन्ही."

"अरे वा! मग इकडे या, आत या दोरीच्या. माझी मगर हरवली, आज तुम्ही पेशंट."

आणि मला नेऊन उताराच्या मध्ये, थोडं उजवीकडे, उभं केलं. उभा जन्म विजेच्या खांबावर चढण्यात गेला, म्हातारपणी स्वतःच खांब झालो म्हणा. वरून पहिलं पोर आलं, ब्रश पुढे करून म्हणालं, "ओपन!" मी तोंड उघडलं. आणि मला काय सुचलं देव जाणे, जिभेनं वरची कवळी पुढे ढकलली. सगळीच्या सगळी बाहेर. ते पोर किंचाळलं, असं किंचाळलं की हॉलमधली माणसं काचेशी आली. मग हसायला लागलं, आणि वर बघून ओरडलं, "हिज टीथ कम आउट!"

झालं. त्या दिवशी अस्वलाला कोणी विचारेना, हत्तीला कोणी विचारेना. रडक्या वर्गातलं प्रत्येक पोर टेकडीवर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं आणि माझ्याकडे यायचं. उणे दहाच्या वाऱ्यात माझ्या हिरड्या बधिर झाल्या. सुशीला असती तर पदर तोंडाला लावून आत निघून गेली असती. चार लोकांत कवळी काढली की ती माझ्याशी दोन दिवस बोलायची नाही. मला तेच आठवत होतं आणि मी हसत होतो. ती गेल्यापासून मी हसलो नव्हतो, हे मला हसताना कळलं.

क्लास संपल्यावर बाईंनी माझी कवळी हातात घेऊन, उजेडात धरून तपासली. "कुठली?"

"सांगलीची."

"चांगली बसवली. लाइनमन, पुढच्या शनिवारी या. पेशंटनं अपॉइंटमेंट चुकवायची नाही."

तेव्हापासून मला लाइनमन म्हणायला लागल्या.

पुढे एकदा बाकावर बसून बूट काढताना त्यांनी विचारलं, घरी दिवसभर काय करता. मी म्हटलं, सकाळी दार ते रस्ता फावड्यानं बर्फ शोव्हल करतो, मग चहा करतो. अजून दोन कपांचाच होतो. एका कपाचं पाणी डोळ्यांना दिसतच नाही. दुसरा कप ओतून देतो.

"ओतता काहून? थर्मासमध्ये भरून शनिवारी आणत जा," त्या म्हणाल्या. "मला साखर कमी."

बस, एवढंच. दुसरी कोणी असती तर मला धीर दिला असता. मी त्या दिवसापासून शनिवारचा चहा कमी साखरेचा करायला लागलो.

ईराचं एक होतं, ते आता सांगायला पाहिजे. ती फक्त उजवीकडे वळायची. उजवीकडे अगदी झकास, समोसा करून, जीभ बाहेर काढून, थेट माझ्यापर्यंत. डावीकडे म्हणून वळायची नाही. पेशंट डावीकडे असला की ती सरळ सुटायची आणि उजव्या कुंपणाच्या जाळीत जाऊन अडकायची. थंडीच्या सुरुवातीला एकदा डावीकडे वळताना पडून तिचं नाक फुटलं होतं, ते डोक्यात बसलेलं. बाईंनी मला मुद्दाम डावीकडे उभं केलं, कवळी हातात घेऊन हलवायला सांगितली. ईरा उजव्या कुंपणाला गेली, तिथं पट्ट्या सोडल्या आणि बुटांनी फताक फताक चालत उतार ओलांडून माझ्याकडे आली. "ओपन, आजोबा."

मी रागावलो. बाईंनी टाळ्या वाजवल्या. "डोकं चालते हो पोरीचं!"

"डोकं चालतंय, पण पाय?" मी म्हटलं. "जरा दम द्या की तिला."

"तुम्ही द्या. मला एक बोट वाकडं आहे तेवढं पुरे."

त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं, की चहा पिताना बाई डावा हात खिशातून काढत नाहीत. पेला उजव्यात, टोपण उजव्या हातानंच लावायचं, दातांनी धरायचं. एकदा खिशातला हात हलताना दिसला. मी बघितलं ते त्यांनी बघितलं.

"कंपवात," त्या म्हणाल्या. "डाव्या बाजूला. हात हलते त्याचं काही नाही, पाय ऐकत नाही त्याचा राग येते. नवरा ऐकायचा नाही, त्याचाही इतका राग नाही आला."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, जसं पोरांना सांगायच्या तसं. ह्या पट्ट्यांवर उजवीकडे वळायचं तर डाव्या पायावर भार द्यायचा, डावीकडे वळायचं तर उजव्यावर. त्यांचा डावा पाय भार घेईना. म्हणजे त्यांना फक्त डावीकडे वळता येत होतं.

"आणि ईराला फक्त उजवीकडे," मी म्हटलं.

"हो ना! दोघी मिळून एक आख्खी बाई."

टेकडीचा जो मुख्य तरुण मास्तर, त्याला त्यांनी हे स्वतः जाऊन सांगितलं होतं. त्यानं सांगितलं, एवढा सीझन करा, सोबत दुसरा मास्तर ठेवू, पण बर्फ संपल्यावर मास्तरचं लाल जॅकेट परत द्या. बाईंनी मान्य केलं. "त्याच्या जागी मी असते तं हेच म्हटलं असतं." त्यांची मुलगी व्हँकुव्हरला असते, तिच्याकडे जायचं ठरलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज नेहमीचाच होता. पण पेला खाली ठेवून म्हणाल्या, "लाइनमन, इतकी वर्षं शिकवून राहिले. रडत आलेलं एकही पोर अर्धवट सोडलं नाही. दोन्ही बाजूंना वळल्याशिवाय कोणी माह्या हातून गेलं नाही. हे शेवटचं पोर. हिला डावीकडे नेल्याशिवाय मी जॅकेट कसं देऊ?"

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की माझ्या नातीचं ते एक वळण त्यांच्या जिवाला किती लागलंय.

त्यानंतरचे शनिवार बघण्यासारखे होते. दोघी वरून बरोबर निघायच्या. ईरा सरकत सरकत उजव्या कुंपणाला, शालू सरकत सरकत डाव्या कुंपणाला. तिथून एकमेकींना हात करायच्या. मधला अख्खा उतार रिकामा. बाई पलीकडून विचारायच्या, "काय हो डॉक्टर, तिकडे पेशंट कसे आहेत?" ईरा ओरडायची, "ऑल डेड!" बाई हसून हसून जाळीला लटकायच्या.

त्यांनी काय काय केलं! उजव्या अंगठ्याखाली वाटाणा आहे, तो चिरड, असं सांगितलं. ईरानं डाव्याखालचा चिरडला. उजव्या गुडघ्यावर मुंगळा काढला, त्याला दाबून मार म्हणाल्या. ईराला मुंगळ्याची दया आली. सुशीलाचे मोजे, ते मोती आणि काळू, तेही आले. काळू डावीकडे उपाशी बसला. ईरानं त्याला लांबूनच सांगितलं, "यू कॅन वॉक, काळू." घरी मी पोरीला चॉकलेटची लालूच दाखवली. प्रमोद म्हणाला, "बाबा, प्रेशर नका देऊ." सूनबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी आपोआप येईल. येईलही. पण पुढच्या वर्षी डॉक्टरीणबाई इथं नसणार होत्या, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. ईराला सांगू नका म्हणून बाईंची ताकीद होती. "माह्यासाठी वळायचं नाही तिनं. मला बरं वाटावं म्हणून तोंड उघडणारी पोरं मी पाहिली आहेत. ती आतून घट्ट असतात."

एकदा मी कंटाळून म्हटलं, "सोडा आता. नाही वळली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

त्या माझ्यावर जशा तडकल्या, तशा पोराच्या बापावरही कधी तडकल्या नव्हत्या. "तुम्हाला सोडायची सवय लागली. मला नाही." मग चहा न पिताच गेल्या. पुढच्या शनिवारी आल्या आणि म्हणाल्या, "मागच्या वेळचा धरून दोन पेले द्या." मी दिले. ते भांडण तिथं संपलं.

आता बाई व्हँकुव्हरला मुलीकडे असतात. तिथं गावात बर्फ कमी आणि पाऊस फार. मुलगी फोन लावून देते. बोलणं पूर्वीसारखं भराभर होत नाही, पण तोंड तेच आहे. मागे म्हणाल्या, "लाइनमन, इथल्या नर्सला समोसा शिकवला. चालताना पाय फाकवते, पडत नाही." खरं का खोटं, त्यांनाच ठाऊक. मी पुन्हा जाऊन भेटलो नाही. माझी त्यांची शेवटची गाठ म्हणजे तो शेवटचा शनिवार, आणि मला तेवढी पुरे आहे.

त्या दिवशी थंडी मोडली होती. बर्फ ओला, जड, खाली हॉलच्या दाराशी चिखल. अशा बर्फात पट्ट्या नीट सरकत नाहीत, धरून ठेवल्यासारख्या होतात. दुसरा मास्तर, एक उंच पोरगा, बाकीच्या पोरांना घेऊन खाली उभा होता. मी त्यांच्याशेजारी. ईरा वर, एकटी, आपली पाळी यायची वाट बघत. शालू तिच्याआधी निघाल्या. जागा बघायला म्हणून, नेहमीसारख्या डावीकडे.

मध्यावर त्यांची डावी पट्टी त्या ओल्या बर्फात रुतली. पाय मागे राहिला, बाई पुढे आल्या. हे काही त्यांचं नाटक नव्हतं. पोरांना पडायला शिकवताना त्या मुद्दाम पडायच्या ते मी शंभरदा बघितलंय, तेव्हा त्या आधी हसायच्या. हे पडणं तोंडावर होतं. टोपी एकीकडे गेली, एक पट्टी सुटून खाली घसरत आली. डाव्या कुंपणापासून थोड्या अलीकडे त्या पालथ्या पडल्या होत्या. उठायचा प्रयत्न केला, डावा हात खाली टेकेना, पुन्हा तोंड बर्फात.

उंच पोरगा पळाला. मी पळालो. त्या बर्फात माझ्या वयाचा माणूस पळतो म्हणजे काय, गुडघ्यापर्यंत पाय जात होते. वरून ईराचा आवाज आला, "शालू!"

बाईंनी डोकं उचललं. आमच्याकडे बघितलं नाही. वर बघितलं. आणि मी पाहिलं, त्यांचा चेहरा बदलला. उजवा हात त्यांनी सरळ वर केला, पोलीस गाडी थांबवतो तसा, आणि ओरडल्या, "थांबा! कोणी हलायचं नाही! लाइनमन, तुम्हीसुद्धा! डोन्ट मूव्ह!"

उंच पोरगा आहे तिथं थबकला. मीही. माझा एक पाय बर्फात, एक वर.

ईरा निघाली होती. पायाकडे बघत नव्हती, कुंपणाकडे बघत नव्हती. हात दोन्हीकडे पसरलेले, तोंड उघडं, डोळे त्या पडलेल्या लाल जॅकेटवर. समोसा केला. उजवा गुडघा वाकला. पट्ट्यांची टोकं हळूहळू, ओला बर्फ ढकलत, डावीकडे फिरली. ती डगमगली. मला वाटलं, गेली. माझ्या तोंडून आवाज निघाला असेल, कारण बाई पुन्हा खेकसल्या, "शूः!"

बर्फात पालथी पडलेली, केस विस्कटलेले, ओठाला रक्त, एक पट्टी पायात आणि एक गायब. वर केलेला हात तसाच वर, हलू न देता धरलेला, आणि सगळ्या टेकडीला गप्प बसवून ती बाई आपल्याकडे येणाऱ्या पोरीकडे बघत होती.